टीमवर्कचा रविवार

आमचे मोठे सर्जन राउंडला निघण्यापूर्वी जिन्यात खाकरले, की कात्रजच्या सर्पोद्यानातले नाग फणा मिटून बिळात जातात, असं मी नव्या नर्सेसना पहिल्याच दिवशी सांगायचे. त्या हसायच्या. आठवड्याभरात हसणं थांबायचं आणि एखादी हळूच विचारायची, "ताई, नाग परत बाहेर कधी येतात?"

"सर गाडीत बसले की," मी सांगायचे.

हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. सांगितलं नाही तरी पुण्यात प्रत्येकाला ते आपल्याच घराजवळचं वाटेल. तिथे सर्जरीच्या वॉर्डात मी इनचार्ज सिस्टर होते. किती वर्षं ते मोजू नका. मी लागले तेव्हा माझी वेणी कमरेपर्यंत होती आणि इनचार्जपद गेलं तेव्हा तिचा सुपारीएवढा अंबाडा उरला होता. ते कसं गेलं तेच सांगायचंय, आणि ते मी शांतपणे सांगणार नाही. शांतपणा ऐकायचा असेल तर आमच्या प्रशासनाच्या मॅडमकडे जा. त्या कुणाची नोकरी काढतानासुद्धा बडीशेप पुढे करतात.

तर राउंड. पुढे मोठे डॉक्टर. अर्धं पाऊल मागे त्यांचा ज्युनिअर, हातात साहेबांचे दोन फोन. त्याच्यामागे मी, राउंडची वही घेऊन. त्यात डॉक्टर काय बोलले ते मी लिहायचं असतं. माझ्यामागे त्या खाटेची नर्स, औषधांची ट्रॉली ढकलत. वेग असा, की एकदा फिजिओथेरपीच्या मुलीच्या चपलेचा पट्टा तुटला म्हणून ती खाली वाकली, आणि मान वर केली तेव्हा राउंड संपून साहेब कॅन्टीनमध्ये उपमा खात होते.

आणि आमची रीत अशी, की साहेब काहीही बोलले तरी "हो सर" म्हणायचं. ऐकू आलं तरी हो सर, नाही आलं तरी हो सर. मागे एका नव्या नर्सने विचारलं होतं, "सर, परत सांगता का?" साहेब थांबले. वळले. सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं मला म्हणाले, "सिस्टर, ह्यांची कानाच्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट घ्या." पेशंटसुद्धा हसले. पोटाला टाके होते तेही हसले. त्यानंतर आमच्या वॉर्डात कुणीही काहीही परत विचारलं नाही.

त्या सोमवारी सात नंबरच्या खाटेवर मार्केट यार्डातले गुळाचे एक आडते होते. वय पंच्याहत्तर, हर्निया, आणि तोंडात साखर इतकी की रक्तात उतरलेली. ती ताब्यात येईना म्हणून आठवडाभर आधीच दाखल करून घेतलेलं. हे आजोबा खाटेवरून फोनवर गुळाचा लिलाव करायचे. समोरच्या खाटेवरच्या पेशंटने एकदा जांभई द्यायला हात वर केला, तर त्याच्या नावावर पन्नास ढेपा लागल्या, असं मी सगळ्यांना सांगत असे. लागल्या नसतील, पण त्याने दोन दिवस हात पांघरुणाखाली ठेवला होता, हे खरं.

आजोबांच्या हृदयात पूर्वी स्टेंट घातलेली. त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी रोज सकाळी एक. पोट कापायचं तर ती गोळी काही दिवस आधी थांबवावी लागते, नाहीतर रक्त थांबत नाही. हे आमच्या झाडूवाल्या मावशींनाही माहीत आहे.

साहेब कॉफीचा कागदी कप घेऊन आले. पोट तपासायला दोन्ही हात हवेत, म्हणून कप त्यांनी न बघता बाजूला धरला. बाजूला मी होते. मी घेतला. राउंडची वही काखेत, पेन त्याच हाताच्या बोटात, कप दुसऱ्या हातात. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ज्युनिअरने तो त्यांच्या कानाला लावून धरला. आता साहेब एकीकडे फोनवर कुणाच्या तरी मुलाच्या लग्नाचं बोलतायत, एकीकडे आजोबांचं पोट दाबतायत, आणि मधूनच आम्हाला सांगतायत:

"शनिवारी घेऊ. हृदयाच्या डॉक्टरांशी बोललोय, ती रक्ताची गोळी आजपासून बंद. साखर ताब्यात आणा. छातीचा फोटो. आणि आजोबा, तो फोन ठेवा. — नाही हो, तुम्हाला नाही म्हणालो, बोला, कुठलं कार्यालय?"

"हो सर," ज्युनिअर म्हणाला.

"हो सर," मी म्हणाले.

"हो सर," खाटेची नर्स म्हणाली.

"हो साहेब," आजोबाही म्हणाले, आणि फोन काही ठेवला नाही.

आता औषधाच्या कागदावरची गोळी बंद करायची तर डॉक्टरने पेनाने रेघ मारून खाली सही करायची असते. नर्सने तोंडी ऐकून एकही औषध बंद करायचं नाही, असा हॉस्पिटलचा नियम आहे. तो आमच्या भिंतीवर फ्रेम करून लावलाय. ज्युनिअरच्या हातात फोन होता. त्याने रेघ मारली नाही. कागदावर गोळी तशीच चालू राहिली. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, रोज सकाळी त्या खाटेच्या नर्सने कागद पाहिला, गोळी दिली, सही केली. गोळी कागदावर असेल तर सरांचा बेत बदलला असेल, असं तिला वाटलं. विचारायची सोय नव्हती. कान शाबूत होते तिचे.

शनिवारी सकाळी आजोबांना उपाशीपोटी ट्रॉलीवरून ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नेलं. तिथे भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम कागदावर विश्वास ठेवत नाहीत, माणसाला विचारतात. देव त्यांचं भलं करो.

"आजोबा, रक्ताची गोळी शेवटची कधी घेतलीत?"

"काल सकाळी. रोज वेळेवर देतात. फार टापटिपीच्या आहेत हो तुमच्या पोरी."

ऑपरेशन रद्द. आजोबांनी एवढंच विचारलं, "मग आता चहा मिळेल का?" पण त्यांचे तीन मुलगे, तीन सुना आणि अर्धं मार्केट यार्ड लिफ्टने वर आलं. लिफ्टवर 'आठ व्यक्ती' लिहिलंय, त्यातून मी मोजून तीसजण उतरताना पाहिले. साहेब थिएटरच्या कपड्यांतच बाहेर आले आणि जे ओरडले, ते खडकवासल्याला धरणावरच्या पहारेकऱ्याने भोंगा समजून वहीत नोंदवलं असेल. एकच प्रश्न:

"गोळी दिली कुणी?"

गोळी थांबवली का नाही, असं नाही. दिली कुणी. आणि त्याचं उत्तर कागदावर चार सह्यांनी लिहिलेलं होतं, सुबक अक्षरात.

ही नर्स म्हणजे आमच्याकडचं एक आश्चर्य होतं. ड्यूटी सातची असली तर ती पावणेसातला एप्रन घालून उभी. कोंढव्याहून दोन बस बदलून यायची. बारा वर्षं झाली होती तिला, आणि बारा वर्षं दर वर्षी नवा करार. कायम कुणाला करायचंच नाही, हे आमच्याकडचं धोरण. नवऱ्याचं वर्कशॉप बंद पडलेलं, घर तिच्या पगारावर. करार त्याच महिन्याच्या अखेरीला संपत होता. तिला मेमो मिळाला आणि मला प्रशासनाच्या मॅडमनी बोलावलं.

"बसा ना," त्या म्हणाल्या. बडीशेप पुढे केली. "तुम्ही वॉर्डच्या इनचार्ज. घटनेचा अहवाल तुम्ही द्यायचा. कुणाची चूक झाली, एवढंच. एका पानात. पुढच्या बुधवारपर्यंत."

"आणि मग तिच्या कराराचं?"

"ते अहवालावर. आपण काही आकसाने करत नाही." मग चष्मा काढून म्हणाल्या, "आणि येत्या रविवारी सगळ्यांचं टीमवर्कचं ट्रेनिंग ठेवलंय. संवाद कमी पडतोय आपल्याकडे."

म्हणजे बाई गेली तर तिच्या जागेवर संवाद येणार होता.

रविवार आमच्या सुट्टीचा दिवस. सकाळी साडेसहाला बस. रात्रपाळी करून उतरलेल्या पोरी तशाच बसल्या, आणि बसचालकाने कात्रजचा चौक ओलांडेपर्यंत सगळी बस अशी घोरायला लागली की मागचे टँकरवाले बाजूला होऊन वाट द्यायला लागले. खडकवासल्याच्या पाण्याकाठी एक रिसॉर्ट. दारात आम्हाला टी-शर्ट वाटले, पांढरे, छातीवर 'आपण सारे एक', आणि सगळे एकाच मापाचे. आमच्या आहारतज्ज्ञ मुलीच्या तो गुडघ्यापर्यंत आला. माझ्या तो दंडातच अडकला.

हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या. पहिल्या रांगेला पांढरी कव्हरं आणि त्यांवर चिठ्ठ्या: 'कन्सल्टंट'. पंधरा खुर्च्या, पंधरा चिठ्ठ्या, माणूस एकही नाही. मागच्या रांगांत आम्ही नर्सेस, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, मावश्या, आणि सक्तीने आणलेले ज्युनिअर डॉक्टर. ज्यांच्यामुळे ट्रेनिंग घ्यायचं ते घरी, आणि ज्यांना सोसणं सवयीचं ते हजर.

ट्रेनर एक तरतरीत तरुण होता, हिंजवडीच्या आयटीवाल्यांना शिकवून आलेला. "गुड मॉर्निंग गाइज! एनर्जी कमी वाटतेय!"

"बारा तास उभ्या होतो हो," मागून एक रात्रपाळी म्हणाली. "एनर्जी वॉर्डातच राहिली."

त्याने आम्हाला फुगे फुगवायला लावले. कागदाचे मनोरे करायला लावले. डोळे मिटून मागे पडायचं, मागच्याने झेलायचं, असं एक केलं. मावशी म्हणाल्या, "मी रोज शंभर किलोचे पेशंट झेलते, मला काय शिकवतोस, तू पड." तो पडला. मावशींनी त्याला एका हाताने झेललं आणि दुसऱ्या हाताने त्याचा शर्ट नीट केला.

पण एक गोष्ट कबूल करते. चहानंतर तो पोरगा जे शिकवायला लागला, ते चूक नव्हतं. सूचना मिळाली की ती मोठ्याने परत म्हणायची. सांगणाऱ्याने ऐकून 'बरोबर' म्हणायचं. कोण करणार त्याचं नाव घ्यायचं. तोवर ती सूचना दिली असं धरायचंच नाही. साधी गोष्ट. मी ऐकत होते आणि माझ्या कानशिलांतून वाफ निघत होती. कारण हे सगळं खरं होतं, आणि तो ते पंधरा रिकाम्या खुर्च्यांच्या डोक्यावरून आम्हाला सांगत होता.

तेवढ्यात ती उभी राहिली. मेमोवाली. बारा वर्षांत तिला मीटिंगमध्ये बोलताना मी पाहिलं नव्हतं.

"सर, समोरचा थांबलाच नाही तर?"

"तर थांबवायचं, मॅडम. कॉन्फिडंटली म्हणायचं, 'सर, एक मिनिट.'"

साठ बायका एकदम हसल्या. धरणावरचे बगळे उडाले आणि परत बसायला त्यांना दुपार झाली. ती मात्र हसली नाही. खाली बसली आणि टी-शर्टचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. माझा सगळा राग तिथे एक झाला आणि माझ्या डोक्यात एक बेत शिजला. मला तो तेव्हा फार हुशारीचा वाटला होता.

जेवणाच्या वेळी साहेब आले. फोटोसाठी. 'दोन शब्द' बोलले. तोवर पनीरची भाजी गार झाली. हॉस्पिटल म्हणजे एक कुटुंब, मी तुमच्यातलाच एक, माझा दरवाजा सदैव उघडा. दरवाजा उघडा असतो हे खरं; आत ते नसतात. हातात कॉफीचा कप होताच.

मी ट्रेनरला बाजूला घेतलं. आवाजात साय घालून म्हणाले, "सर आलेतच तर त्यांच्याबरोबर एक छोटं नाटुकलं घ्या ना. भूमिका बदलून. सरांना फार आवडतं. कॉलेजात नाटकात होते ते." साफ खोटं. नाटकात असतील तर वादळाचं काम केलं असेल. पण पोरगा खूश झाला. सगळ्यांच्या टाळ्या, फोटोवाला तयार, साहेबांना नाही म्हणता येईना.

भूमिका मीच वाटल्या. साहेब नर्स. ज्युनिअर इनचार्ज. मी पेशंट, दोन खुर्च्या जोडून आडवी. आणि मेमोवालीला म्हणाले, "तू मोठे डॉक्टर हो."

"ताई, नको," ती पुटपुटली.

"अगं, हो. मी आहे ना."

ती आधी जागच्या जागी उभी राहिली. मग तिने एकदा खाकरलं. आणि देवाशपथ सांगते, हॉलच्या मागे ज्युनिअर डॉक्टर ताठ उभे राहिले. बारा वर्षं ट्रॉली ढकलत ती त्या माणसाच्या मागे चालली होती. तिला तो पाठ होता. तीच झपाझप चाल, तीच मान न वळवता बोलण्याची पद्धत. चालता चालता तिने साहेबांच्या हातातला कप घेतला, खुर्चीपाशी आली, आणि न बघता तो बाजूला धरला. साहेबांनी आपोआप घेतला. कानाला हात लावून ती हवेतल्या फोनवर बोलायला लागली आणि माझं पोट दाबत म्हणाली:

"परवा घेऊ. ड्रेसिंग रोज. ती रक्ताची गोळी बंद. फिजिओला सांगा. लघवी मोजा. — हो हो, ऐकतोय, कुठलं कार्यालय? — आणि टीव्ही बंद करा." आणि पुढच्या खाटेकडे गेलीसुद्धा.

"हो सर," नर्स झालेले साहेब हसत म्हणाले. सगळे हसले. खेळ मस्त चालला होता.

ट्रेनर निरागस. त्याला काहीच माहीत नव्हतं. "व्हेरी गुड! आता सर, तुम्ही नर्स आहात. किती सूचना मिळाल्या? सांगा बरं."

"ड्रेसिंग," साहेब म्हणाले. "फिजिओ. टीव्ही." थांबले. "लघवी."

"आणखी एक होती, सर."

साहेबांना आठवेना, आणि मग आठवली. पण त्या दोन्हींच्या मध्ये जो क्षण गेला तो सगळ्यांनी पाहिला. त्यांचा चेहरा लाल झाला. "हे नाटक आहे," ते म्हणाले. "खऱ्या वॉर्डात मी ताबडतोब लिहून घेतलं असतं."

मी दोन खुर्च्यांवर आडवी होते, पेशंटने बोलू नये हे मला कळत होतं, पण माझी जीभ कधी माझी नव्हतीच. म्हणाले, "कप कुठे ठेवला असता, सर?"

कुणी हसलं नाही. साहेबांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. तो टेबलावर ठेवला आणि गाडीकडे चालू लागले. फोटोवाल्याने त्यातच फोटो काढला.

परतीच्या बसमध्ये माझी मिरवणूक होती. ताई, काय मारलात! ताई, परत सांगा ना! मी सांगितलं. कात्रजच्या चौकापर्यंत चारदा, दरवेळी साहेब थोडे आणखी लाल. ती खिडकीशी बसून होती. मला वाटलं, थकली असेल.

सोमवारी सकाळी प्रशासनाच्या मॅडमनी बडीशेप दिली नाही. "तुमचा अहवाल अजून आला नाही," त्या म्हणाल्या. "आता त्यात आणखी एक मुद्दा घ्यायचाय. वरिष्ठांची सार्वजनिक ठिकाणी नक्कल करणं. गैरवर्तन. सरांनी स्वतः लिहून दिलंय."

"पण ते नाटक मी ठरवलं होतं!"

"नक्कल तुम्ही केली नाहीत. तुम्ही झोपला होतात. सर्वांनी पाहिलंय."

मी वॉर्डात आले तर ती लिननच्या खोलीत चादरी मोजत होती. बातमी माझ्याआधी पोचली होती. मी तोंड उघडण्याआधी ती बोलली, आणि आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

"ताई, तुम्ही मला पुढे केलंत. तुमची गोष्ट झाली. माझी नोकरी चालली."

"अगं, मला वाटलं, सगळ्यांसमोर त्यांची चूक दिसली की—"

"त्यांची दिसली. ज्युनिअरची दिसली. माझी तर कागदावरच आहे." तिने चादर घडी करून वर ठेवली. "त्या सोमवारच्या राउंडच्या वहीत काय लिहिलंय, ताई?"

मी उगाच एक चादर उचलली.

"मी पाहिली वही. मंगळवारी पाहिली. सात नंबरची खाट, पुढे काहीच नाही. मला वाटलं, ताई भरतील. विचारायला तुमच्याकडे आले होते. तुम्ही कॅन्टीनमध्ये गुळाच्या लिलावाची गोष्ट सांगत होतात. सगळे हसत होते. मी परत गेले."

हे आतापर्यंत मी तुम्हालाही सरळ सांगितलं नाही. कप हातात होता, वही काखेत होती, हे सांगितलं, आणि जणू तिथेच माझं काम संपलं असं दाखवलं. पण कप मी पुढच्याच खाटेशी ठेवला होता. नंतर दोन्ही हात रिकामे होते, सबंध दिवस होता. 'नंतर लिहीन' म्हटलं आणि विसरले. वही माझी होती, इनचार्ज मी होते, ज्युनिअरला 'रेघ मार रे' म्हणून बोलावणं माझं काम होतं. शनिवारपासून ही गोष्ट मी पंचवीस वेळा सांगितली असेल. साहेब होते, ज्युनिअर होता, लग्नाचं कार्यालय होतं, आजोबांचा चहा होता. मी फक्त कप धरून उभी होते. मला साहेबांवर राग होता, तो खरा होता, आजही आहे; पण मी तो पांघरून बसले होते. त्या दिवशी लिननच्या खोलीत मला माझी इतकी चीड आली की चादरींना आग लागली नाही याचं नवल.

अहवाल लिहिला. एका पानात मावला नाही. पहिलं वाक्य: राउंडची नोंद करण्याची जबाबदारी माझी होती आणि मी ती केली नाही. मग क्रमाने, कोण 'हो सर' म्हणालं, कुणाच्या हातात काय होतं, फोनवर कोण होतं. परत विचारणाऱ्या नर्सला सर काय म्हणाले होते, तेही. रविवारचं नाटक माझं, वाटप माझं, तिने नको म्हटलं होतं, हेही. वहीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली, सात आकड्यापुढे कोरी जागा. एकही शब्द फुगवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिताना बोटं दुखली.

मॅडमनी वाचलं. दोनदा. "हे तुमच्या फाइलला लागेल. तुम्हाला निवृत्तीला थोडीच वर्षं आहेत. पहिला परिच्छेद काढला तर चालेल."

"पहिला काढला तर खालचं सगळं तिच्यावर येतं."

"आणि सरांबद्दलचं?"

"ते खरं आहे."

"खरं असणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, सिस्टर."

"म्हणूनच लिहिलंय," मी म्हणाले. "आणि एक प्रत भूल देणाऱ्या मॅडमना दिलीय. ऑपरेशन त्यांनी थांबवलं होतं, त्यांनाही अहवाल मिळायला हवा ना. संवाद कमी पडतोय आपल्याकडे." ही मात्र जुनी खोड. ती काही जात नाही. भूलवाल्या मॅडमना मोठे डॉक्टरही घाबरतात. त्यांनी मान हलवली नाही तर साहेबांचा पेशंट झोपतच नाही.

महिन्याच्या अखेरीपर्यंत आठ दिवस होते. ते आठ दिवस ती सातची ड्यूटी असली तर पावणेसातला येत राहिली, आणि माझ्याशी कामापुरतं बोलत राहिली. आजोबांचं ऑपरेशन झालं, नीट झालं, रेघ मारून, सही करून. साहेब राउंडला आले, खाकरले, गेले. त्यांना मेमो नाही, नोटीस नाही, काही नाही. ज्युनिअरला तोंडी समज. माझं इनचार्जपद काढलं आणि मला तळघरात धाडलं, ऑपरेशनची हत्यारं जिथे वाफेवर निर्जंतुक करतात तिथे. खिडकी नाही. उकाडा असा की मी भिंतीवर भाकरी थापली तर ती फुगेल.

तीस तारखेला दुपारी ती तळघरात आली. हातात पाकीट. ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "वाचा."

करार. एक वर्ष. मेमो मागे घेतल्याची एक ओळ, खाली शिक्का. गैरवर्तनाचा शब्दही नाही. मी दोनदा वाचलं. मला वाटलं, आता ती आभार मानेल. मी 'अगं, राहू दे' म्हणायची तयारीही करून ठेवली होती. तिने पाकीट परत घेतलं, नीट घडी घातली.

"माझा राग गेलेला नाही, ताई. हे सांगायला आले."

"माझाही गेलेला नाही."

"तुमचा कुणावर?"

मी सुरू केलं. साहेबांपासून. मग त्या पंधरा खुर्च्या, मग बडीशेप, मग कायम न करण्याचं धोरण, मग तो टी-शर्ट, मग ज्युनिअर, मग मी स्वतः. मी स्वतःपाशी येईपर्यंत तिने घड्याळ पाहिलं.

"यादी लांब आहे," ती म्हणाली. "आणि माझी जेवणाची सुट्टी अर्धाच तास असते." आणि जिना चढून वर गेली.